कोरियन दुकानातलं एशियाड

महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना एशियाड म्हटलं की आधी एसटीची निमआराम बस आठवते. दिल्लीत ब्याऐंशी साली झालेल्या स्पर्धेवरून त्या गाड्यांना ते नाव पडलं. पुढे स्पर्धा विसरली गेली आणि नाव गाडीला चिकटून राहिलं. बाबांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना एशियाड म्हणजे स्पर्धाच, आणि स्पर्धा म्हणजे तीत भारतानं काय केलं, ते.

बाबांनी अकोल्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. लोकांच्या डोक्यात इतिहासाच्या सनावळ्या असतात, तशी त्यांच्या डोक्यात भारताची आशियाई स्पर्धांमधली कामगिरी होती. एक्कावन्नला पहिली स्पर्धा दिल्लीत झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. "जपान पहिला, आपण दुसरे," असं ते सांगत. सूर असा, की त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जे काही झालं तो पंचांचा चुकीचा निर्णय होता. बासष्टला जाकार्तात आपण फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं होतं. नव्वदला बीजिंगहून एकच सुवर्ण आलं, तेही कबड्डीचं. ब्याऐंशीच्या हॉकी फायनलमध्ये पाकिस्ताननं आपल्यावर सात गोल चढवले तेव्हा मी दहा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी पी.टी.च्या तासाला बाबांनी सगळ्या वर्गाला काही न शिकवता नुसतं सावधानमध्ये उभं ठेवलं होतं, असं मला त्या वर्गातल्याच एका मुलीनं सांगितलं.

दोन हजार दोन सालच्या जानेवारीत आई गेली. जूनमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत ट्रॉयला आले. मी आणि नवरा दोघंही गाड्यांच्या धंद्यातच. तो इंजिनांच्या सॉफ्टवेअरवर, मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला. मुलगी दुसरीत होती. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहत होतो. खाली पार्किंग, पलीकडे सहा पदरी जॉन आर रोड, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या कडेनं चालायला फुटपाथसुद्धा नाही. आयुष्यभर मैदानावर उभा राहिलेला माणूस दिवसभर सोफ्यावर बसून असे.

खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात बाबा माझ्यासाठी शेड्यूल करायची एक गोष्ट होते. मंगळवारी लायब्ररी, गुरुवारी मॉलमध्ये चालणं, रविवारी देऊळ. ते तक्रार करत नसत. आईबद्दलही बोलत नसत. मीही विषय काढत नव्हते. आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागत होतो.

सप्टेंबर संपता संपता ते एकदा जेवताना म्हणाले, "आता बुसानचं सुरू होईल. इथे कुठल्या चॅनेलवर लागतं?"

मला बुसान म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्या वर्षीचं एशियाड दक्षिण कोरियात बुसानला होतं. आमच्या केबलवर सत्तर-पंचाहत्तर चॅनेल होते, आणि त्यातल्या एकावरही ते दिसणार नव्हतं. बेसबॉलचे शेवटचे सामने होते, फुटबॉलचा सीझन होता. अमेरिका एशियाडमध्ये खेळत नाही, तेव्हा अमेरिकेला त्याचं काय?

मी ऑफिसमधून रोज इंटरनेटवरची पदकतालिका प्रिंट करून आणायला लागले. बाबा चष्मा लावून ती बघत. चीन, कोरिया, जपान वर. आपण खाली कुठेतरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला.

"हे म्हणजे पोरगं काय शिकलं ते न बघता त्याची गुणपत्रिका बघण्यासारखं आहे," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी मुळे आणि कोथिंबीर आणायला कोरियन दुकानात गेले. अपार्टमेंटपासून गाडीनं पाच मिनिटांवर ते दुकान होतं आणि तिथे भाजी ताजी मिळायची. काउंटरवर नेहमी माझ्याच वयाची एक बाई असे. आमची ओळख हसण्यापुरती. त्या दिवशी मागच्या बाजूला तांदळाच्या पोत्यांपाशी एक टीव्ही चालू होता आणि समोर खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर कॅप घालून बसले होते. पडद्यावर पोहण्याची शर्यत होती. कोपऱ्यात देशांचे झेंडे दिसले.

"हे एशियन गेम्स आहेत का?" मी काउंटरवरच्या बाईला इंग्रजीत विचारलं.

"हो. आमच्याकडे डिश आहे. तिकडे खेळ होतात तेव्हा इथे रात्र असते. माझा नवरा टेप लावून ठेवतो आणि सकाळी सासरे बघतात."

मी तिला बाबांबद्दल सांगितलं. ती लगेच म्हणाली, "घेऊन या ना. सासऱ्यांना सोबत होईल. ते कुणाशी बोलत नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही."

"माझे वडील पुष्कळ बोलतात. पण मराठीत."

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "सासऱ्यांना दोन्ही सारखंच."

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला जाताना नऊ वाजता बाबांना त्या दुकानात सोडू लागले आणि दुपारी लंचच्या वेळी परत आणू लागले. माझ्या दृष्टीनं तो मोठा सुटकेचा प्रकार होता. बाबांनी सोबत डब्यात चिवडा नेला. त्या गृहस्थांनी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली आणि भाजलेल्या सातूचा चहा दिला. कोरियन लोक तो पाण्यासारखा पितात. बाबांना तो आवडला नाही, पण ते रोज दोन कप प्यायचे.

आता जेवताना बोलायला विषय मिळाला. कोरियन चॅनेल अर्थातच कोरियन खेळाडू दाखवायचा. धनुर्विद्या, ज्यूडो, तायक्वांदो. आपली माणसं पडद्याच्या कडेला दिसायची. "चौथ्या लेनमध्ये आपली पोरगी होती," बाबा सांगत, "पण कॅमेरा सहाव्या लेनवर." तरी मैदानी शर्यतींत मुलींनी त्या वेळी पदकं आणली आणि ती दाखवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. पडद्यावर तिरंगा आला की ते गृहस्थ बोट दाखवून म्हणत, "इन्दो!" बाबांनी कोरियाला त्यांच्या भाषेत हांगुक म्हणतात हे शिकून घेतलं. कोरियाला काही मिळालं की बाबा म्हणत, "हांगुक!" आणि हे दिवसातून फार वेळा म्हणावं लागे. कोरियाची सुवर्णं शंभराच्या घरात चालली होती. आपली दहा-अकरा.

"कबड्डी दाखवली का?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"नाही रे. सुवर्ण आपलंच, पण दाखवलं नाही. मी त्या आजोबांना करून दाखवली."

"कुठे? दुकानात?"

"तांदळाच्या पोत्यांपाशी. दम धरून दाखवला. त्यांना वाटलं मला काहीतरी होतंय. त्यांची सून पाणी घेऊन आली."

आई गेल्यानंतर बाबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मुलगी मात्र गोंधळली होती. तिच्या वर्गात एशियन म्हणजे चिनी आणि कोरियन मुलं. "But Ajoba, are we Asian?" तिनं विचारलं. बाबांनी मला अर्थ विचारला आणि मग तिला मराठीत ठासून सांगितलं की एशियाड हे नावच मुळी दिल्लीतून निघालं आहे. तिला ते कितपत कळलं, ठाऊक नाही.

असं पाच-सहा दिवस चाललं. मग एका दुपारी मी घ्यायला गेले तर बाबा दुकानाबाहेर फुटपाथवरच उभे होते. रात्री जेवताना मुलगी उठून गेल्यावर म्हणाले, "उद्यापासून मी नाही जात तिकडे."

"काय झालं?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. "तो माणूस खेळ बघत नाही. बायका बघतो."

नवरा हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. स्टेडियममध्ये एका बाजूला पन्नास-शंभर तरुण मुलींचा एक ताफा असतो. सगळ्या एकसारख्या कपड्यात, हातात पंखे नाही तर झेंडे, तालात घोषणा देणाऱ्या. त्या दिसल्या की हे गृहस्थ खुर्ची पुढे ओढतात. दृश्य गेलं की सुनेला हाक मारतात, टेप मागे घ्यायला लावतात आणि पुन्हा बघतात. शर्यत अर्धी राहिली तरी पर्वा नाही. त्या दिवशी आपली रिले चालू असताना त्यांनी तसं केलं.

"माझ्याहून मोठा माणूस," बाबा म्हणाले. "आणि सुनेला सांगतो टेप मागे घे म्हणून. मलाच लाज वाटली."

मी वाद घातला नाही. शेड्यूल बिघडलं याचंच मला वाईट वाटलं. दोन दिवस बाबा घरी बसले आणि मी पुन्हा पदकतालिका आणून दिली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून परतताना मी भाजीसाठी त्या दुकानात थांबले. खुर्च्या दोन्ही जागेवर होत्या, एक रिकामी. सुनेनं लगेच विचारलं, "तुमचे वडील आजारी आहेत का? सासरे रोज दाराकडे बघतात."

मी काहीतरी सर्दीचं कारण सांगितलं. मग का कोण जाणे, विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना त्या चीअर करणाऱ्या मुली फार आवडतात का?" हसत विचारलं, म्हणजे गंमत म्हणून जाईल.

ती हसली नाही. पिशवीत मुळे भरता भरता तिनं सांगितलं. सासरे मूळ उत्तरेकडचे. युद्धात ते सतरा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना काकाबरोबर दक्षिणेला पाठवलं. थोड्या आठवड्यांचा प्रश्न आहे म्हणाले. आई, वडील आणि सहा वर्षांची बहीण मागे राहिली. मग मध्ये सीमा झाली. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही, काही नाही. त्या मुली उत्तर कोरियातून जहाजानं आल्या आहेत. तिकडचे खेळाडू दक्षिणेत स्पर्धेला येण्याची ही पहिलीच वेळ.

"ते त्यांच्यात शोधतात," ती म्हणाली.

"कुणाला? बहीण तर आता..."

"साठीच्या जवळ असेल. असली तर. तिची नात असू शकते त्या वयाची. किंवा दुसऱ्या कुणाची. आम्ही त्यांना समजावतो. ते म्हणतात, मला ठाऊक आहे, मला नुसतं बघू द्या."

घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. ते ओट्याशी उभे राहून मुलीसाठी सफरचंद कापत होते. सगळं ऐकून होईपर्यंत त्यांनी सुरी खाली ठेवली होती. म्हणाले, "आणि मी काय समजलो." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताच बूट घालून दारापाशी बसले होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाबा जन्मभराचे मास्तर. एखादी गोष्ट व्यवस्थित होत नाहीये असं दिसलं की त्यांना राहवत नसे. शुक्रवारी ते मला म्हणाले, "नुसतं बघून काय उपयोग? दर वेळी शंभर चेहरे असतात. काही खूण पाहिजे. कपाळ कसं होतं, हनुवटी कशी होती. मी महिन्याभरात दोनशे पोरांचे चेहरे नावानिशी पाठ करत असे. त्यांनी मला सांगितलं तर मी पण बघेन. उद्या तुला सुट्टी आहे. तू चल आणि विचार."

मी नको म्हणू शकले असते. माझ्या मनात आलंही, की हा प्रश्न विचारण्यासारखा नाही. पण बाबा कितीतरी महिन्यांनी कशाच्या तरी मागे लागले होते, आणि मला ते बरं वाटत होतं. शनिवारी मुलीला नवऱ्याकडे ठेवून मी त्यांच्याबरोबर गेले.

दुकानात गर्दी नव्हती. सून काउंटर नवऱ्याकडे देऊन मागे आली. म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी बसले नाही, तेव्हा तेही उभे राहिले. शेवटी आम्ही चौघंही उभेच होतो. बाबांनी मराठीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं, सुनेनं कोरियनमध्ये. मी शक्य तितक्या हळुवार शब्दांत विचारलं होतं. सुनेनं त्याहून जास्त वेळ घेतला.

गृहस्थांनी टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता. मग ते काहीतरी बोलले. अगदी थोडं, तीन-चार शब्द. सुनेनं त्यांना पुन्हा काही विचारलं. त्यांनी मान हलवली.

"ते म्हणतात, त्यांना आठवत नाही," ती मला म्हणाली. "बहिणीचा चेहरा. आईचाही. फोटो नव्हता कधी." आणि मग हळू आवाजात, "हे आम्हाला माहीत नव्हतं."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाले?"

"नीट सांगता येत नाही म्हणतात," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. गृहस्थांनी कॅप काढून पुन्हा घातली आणि चहाच्या थर्मासकडे वळले. चौघांसाठी त्यांनी कागदी कप मांडले. आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

गाडी सिग्नलला थांबली तेव्हा बाबांनी विचारलं, "नीट सांगता येत नाही, की आठवत नाही?"

"आठवत नाही."

"मला वाटलंच. माणूस सांगता येत नसलं की हातानं दाखवतो. त्यांचे हात हलले नाहीत."

पार्किंगमध्ये उतरताना ते म्हणाले, "मी विचारायला नको होतं." मला म्हणायचं होतं की विचारलं तर मी. पण मी गाडी लॉक केली आणि आम्ही वर गेलो.

त्यानंतर दोन दिवस ते गृहस्थ दुकानात आले नाहीत. बाबा मात्र गेले. एकटेच टेप बघत बसले. सून म्हणे, त्यांना सर्दी झाली आहे. थोड्याच दिवसांपूर्वी तेच कारण मी तिला दिलं होतं, त्यामुळे मला त्यावर विश्वास ठेवणं जरा जड गेलं. बाबांनी मला विचारलं, कोरियनमध्ये माफी कशी मागतात. मी म्हटलं, विचारून सांगते. विचारलं नाही. त्या घरात आणखी काही विचारायचं धाडस मला नव्हतं.

मग हॉकीची फायनल आली. भारत आणि दक्षिण कोरिया. चार वर्षांपूर्वी बँकॉकमध्ये फायनलला हेच दोन संघ होते आणि आपण जिंकलो होतो. त्याआधी बत्तीस वर्षं पुरुषांच्या हॉकीचं सुवर्ण आपल्याला मिळालं नव्हतं. बाबांनी मला बजावलं होतं की निकाल सांगायचा नाही, मी टेपवरच बघणार. मी पहाटेच घरच्या कॉम्प्युटरवर निकाल बघितला होता. आपण एका गोलनं हरलो होतो. मी टीम लीडला डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे असं सांगून सकाळची वेळ काढली आणि बाबांबरोबर दुकानात थांबले. हरल्यावर ते एकटे असू नयेत, असं मला वाटलं असावं. त्या वेळी मी एवढा विचार केला होता का, आता सांगता येत नाही.

त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी बसायला गेले तर म्हणाले, "तू त्या खोक्यावर बस."

सामना चुरशीचा झाला. बाबा बसल्या जागी पाय हलवत होते, "पास दे, पास दे, अरे बाप्पा!" म्हणत होते. भाजी घ्यायला आलेल्या दोन कोरियन बायका थांबून त्यांच्याकडे बघून गेल्या. हाफ टाइमच्या सुमारास मागच्या दारानं ते गृहस्थ आले. गळ्यात मफलर होता आणि ते खरंच खोकत होते. बाबा ताडकन उभे राहिले. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मास्तर उभे राहतात, तसे. गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मग पडद्यावर आपला एक खेळाडू चेंडू घेऊन पुढे गेला, आणि गृहस्थ खोकता खोकता म्हणाले, "इन्दो."

कोरिया जिंकलं. काउंटरवरून त्यांच्या मुलानं एक आरोळी मारली. त्याला निकाल माहीतच असणार, तरीही मारली. गृहस्थांनी मुलाकडे रागानं बघितलं. बाबांनी हात पुढे केला आणि त्यांच्याकडे असलेलं इंग्रजी वापरलं, "काँग्रॅच्युलेशन्स." गृहस्थांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि कोरियनमध्ये काहीतरी लांबलचक बोलले. सून फ्रीजमध्ये माल लावत होती. मी तिला भाषांतर करायला बोलावलं नाही. बाबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हो. हो. पुढच्या वेळी बघू." त्यांनी हे मराठीतच म्हटलं.

समारोपाच्या टेपला मी नव्हते. ते बाबांनी मला संध्याकाळी सांगितलं. खेळाडूंचे जथे मैदानात आले, सगळे एकमेकांत मिसळलेले, आणि कॅमेरा त्या मुलींवर गेला. गृहस्थ या वेळी खुर्ची पुढे न ओढता मागे टेकून बसून राहिले. दृश्य गेलं. त्यांनी सुनेला हाक मारली नाही. तेव्हा बाबांनी तिला हाक मारली आणि बोट उलटं फिरवून टेप मागे घ्यायची खूण केली. तिनं सासऱ्यांकडे बघितलं, मग टेप मागे घेतली. दोघांनी पुन्हा बघितलं. बाबांनी तिसऱ्यांदाही मागे घ्यायला लावली.

"काही सापडलं?" मी विचारलं.

"काय सापडणार? पोरी छान होत्या. सगळ्या हसत होत्या." मग म्हणाले, "तुझ्या आईचा चेहरा मला आठवतो. पण तरुणपणीचा नाही आठवत. लग्नातला फोटो आहे, तो आठवतो. ती नाही आठवत."

नऊ महिन्यांत आईबद्दल ते पहिल्यांदा आपणहून बोलले होते. मी त्यांच्यासमोर बसले. मग आम्ही तिच्याबद्दल बरंच बोललो. ती वरणाला फोडणी देताना का रागावायची, तिला पोहायला शिकायचं होतं आणि बाबांनी शाळेतल्या मुलींना शिकवलं पण तिला शिकवायचं राहून गेलं, असं. मुलगी मधेच येऊन बसली. तिला सगळं समजत होतं असं नाही, पण ती उठून गेली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी बाबा परत गेले. त्याआधी ते जवळपास रोज त्या दुकानात जाऊन बसत. एशियाड संपलं होतं, तेव्हा दोघं कोरियन मालिका बघायचे. बाबांनी त्यातल्या एका खाष्ट सासूची गोष्ट मला तपशीलवार सांगितली होती. ती त्यांनी चेहऱ्यांवरून बसवलेली होती आणि बहुधा सगळी चुकीची.

पुढे आम्ही घर घेतलं, थोडं उत्तरेला. तिथून दुसरं दुकान जवळ पडायचं. दर महिन्याला जाऊ म्हणता म्हणता त्या कोरियन दुकानात जाणं राहिलंच. दोन हजार सहाच्या डिसेंबरात दोहाला पुढचं एशियाड झालं. तोवर सगळं इंटरनेटवर वाचता येत होतं आणि बाबांना अकोल्यात टीव्हीवर बघता येत होतं. मी रविवारी फोन करायचे तेव्हा ते सांगत: सुवर्णं पुन्हा दहाच्या आसपास, पण एकूण पदकं चांगलीच वाढलीत, कबड्डी आपलीच, पुरुषांच्या हॉकीत मात्र काहीच नाही. आपला पुरुषांचा हॉकी संघ एशियाडमधून रिकाम्या हातांनी परतण्याची ती पहिलीच वेळ होती. याचं त्यांना जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलेलं दिसलं नाही. एका फोनवर त्यांनी विचारलं, "ते आजोबा कसे आहेत?"

मी त्या शनिवारी गेले. दुकान तेच होतं. सूनही तीच, केस कापलेले. तिनं मला ओळखलं. सासरे दीड वर्षापूर्वी न्यूमोनियानं गेले, असं तिनं सांगितलं. दोन्ही कोरियांनी ताटातूट झालेल्या नातेवाइकांच्या भेटी घडवून आणल्या होत्या, पण अमेरिकन नागरिकांना त्यांत जागा नव्हती. त्यांच्या चर्चमधल्या एका माणसाच्या ओळखीनं चीनमार्गे एक चौकशी पाठवली होती. उत्तर आलं नाही. "शेवटी त्यांनी आम्हाला तिचं नाव लिहून दिलं," ती म्हणाली. "आणि गावाचं. मुलांना पाठ करायला लावलं."

मी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं, काहीही न गाळता. मग मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. "वय काय होतं?"

"बाहत्तर."

"माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्या सूनबाईंना माझा नमस्कार सांग."

पुढच्या आठवड्यात मी तो सांगितला. काउंटरवर माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिनं विचारलं, नमस्कार सांगितला तर उलट काय सांगायचं असतं? मी म्हटलं, तेच, नमस्कार. तिनं हातातली कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली आणि मला नीट हात जोडून दाखवले, बरोबर आहे का म्हणून. मी बरोबर आहे म्हटलं.